इंजिनाचे घर

आमच्या शाळेच्या वार्षिक प्रदर्शनात आगगाडीचे एक तरी चित्र नाही, असे वर्ष आम्हांस आठवत नाही. आणि नवल असे की, ज्या मुलांनी वाफेचे इंजिन चालताना कधी पाहिले नाही, तीही चित्र काढताना विजेचे इंजिन काढीत नाहीत; काळेभोर धुराडे, त्यातून निघणारे धुराचे लोट आणि चाकांना जोडलेला लोखंडी दांडा हेच त्यांच्या कागदावर उतरते. भारतातील ब्रॉडगेज मार्गांवरून वाफेची नियमित इंजिने १९९५ साली गेली. म्हणजे आज चित्र काढणाऱ्या मुलांचे आईबाप तेव्हा स्वतःच शाळेत असतील. तरीही त्या इंजिनाचा मोह उतरलेला नाही. या मोहाविषयी आमची काही तक्रार नाही. आमची तक्रार आहे ती चित्रात जे नसते त्याविषयी. रूळ असतात, पूल असतो, हात हलविणारी माणसे असतात. परंतु ते इंजिन रात्री कोठे राहते, त्यास कोण धुते, कोण भरविते, कोण जागे करिते, हे कोणीही काढीत नाही. इंजिनाचे घर, म्हणजे इंजिन-शेड, आमच्या कल्पनेतच नाही.

हे घर कसे असते, ते एका खऱ्या शेडच्या आधाराने सांगावे असे आम्हांस वाटते. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर ॲबर्डीन नावाचे करड्या ग्रॅनाइट दगडाचे शहर आहे. तेथील स्टेशनाच्या दक्षिणेस, डी नदीच्या अलीकडे फेरीहिल नावाचे शेड होते. ब्रिटिश रेल्वेच्या यादीत त्याचा क्रमांक ‘६१-बी’ असा असे, आणि तेथील प्रत्येक इंजिनाच्या तोंडावर हा क्रमांक कोरलेली लहानशी लोखंडी पाटी लावलेली असे. राष्ट्रीयीकरणापूर्वी कॅलिडोनियन आणि नॉर्थ ब्रिटिश या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची इंजिने याच शेडचा आश्रय घेत. १८९५ च्या ऑगस्ट महिन्यात लंडनहून ॲबर्डीनला आधी कोण पोहोचतो, अशी एक शर्यत इंग्लंडच्या पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरील कंपन्यांत लागली होती, आणि तिच्या शेवटच्या टप्प्यात याच दोन कंपन्या एकमेकींविरुद्ध धावल्या. पश्चिमेकडील गाडीने ५४० मैलांचे अंतर ५१२ मिनिटांत कापले. त्या रात्रीच्या मिनिटांचा हिशेब पुस्तकांतून आजही वाचावयास मिळतो. दुसऱ्या दिवशी त्या इंजिनाची राख कोणी उपसली, हे मात्र कोणी लिहून ठेविले नाही.

लांबचा प्रवास संपवून इंजिन शेडमध्ये येते, तेव्हा ते प्रथम राखेच्या खड्ड्यावर उभे राहते. ड्रायव्हर आणि फायरमन खाली उतरून घरी जातात. इंजिनाचा दिवस मात्र तेथे संपत नाही. भट्टीच्या तळाशी कोळसा जळून त्याची काचेसारखी घट्ट ढेकळे जाळीला चिकटलेली असतात. माणसाच्या उंचीहून लांब अशा लोखंडी सळ्यांनी ती फोडावी लागतात आणि तितक्याच लांब दांड्याच्या फावड्याने लालबुंद स्थितीतच बाहेर काढावी लागतात. सळई हातात धरवत नाही इतकी तापते. मग कोणी खड्ड्यात उतरून भट्टीखालची राख ओढतो. कोणी इंजिनाचे तोंड, म्हणजे पुढचे गोल दार, उघडून धुराच्या कोठीत साठलेला बारीक कोळशाचा चुरा उपसतो. समुद्रावरचा वारा त्या बाजूने आला की ती सारी राख उपसणाऱ्याच्याच डोळ्यांत जाते. यानंतर कोळसा, यानंतर पाणी, यानंतर इंजिन फिरविण्याची मोठी चकती. शंभराहून अधिक टनांचे इंजिन या चकतीवर नीट मध्यावर तोलून उभे केले, तर दोन माणसांच्या रेट्याने ती फिरते. चार बोटे पुढे-मागे झाले, तर चार माणसांनाही हलत नाही. तराजूचे तत्त्व शिकविताना आम्ही वर्गात फळ्यावर काठी काढून दाखवितो. हे उदाहरण त्याहून किती तरी चांगले आहे!

ठरावीक दिवसांनी बॉयलर धुण्याची पाळी येते. त्यासाठी इंजिन पूर्ण थंड करावे लागते, आणि तेही घाई न करता. तापलेल्या लोखंडावर एकदम गार पाणी पडले तर ते तडकते. मग बॉयलरच्या अंगावरची बुचे काढून, आत नळीचे पाणी सोडून आणि सळ्या घालून पाण्यातील क्षारांचा थर खरवडून काढावयाचा. आमच्या घरच्या बंबात जो पांढरा थर बसतो, तोच हा. फरक इतकाच की येथे तो राहिला तर पाण्याची उष्णता अडते, आतील पत्रा अतिशय तापतो आणि प्राणावर बेतते. धुऊन झाल्यावर पुन्हा विस्तव. थंड बॉयलरमध्ये वाफ धरावयास सहज सहा-आठ तास लागतात. म्हणून सकाळी सातच्या गाडीचे इंजिन आदल्या रात्रीच पेटवावे लागे, आणि एक माणूस रात्रभर हातात दिवा घेऊन एका इंजिनावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असा हिंडून प्रत्येकाचा विस्तव आणि पाणी सांभाळीत असे. आणखी एक पोरगा असे. त्याचे काम ड्रायव्हर-फायरमन यांच्या घरी जाऊन अपरात्री दार ठोठावून त्यांस उठविण्याचे. आमच्या रेल्वेतही त्यास ‘कॉलबॉय’ म्हणत. सारे शहर झोपेत असता जागणाऱ्या या मंडळींच्या जिवावर सकाळची गाडी वेळेवर सुटे, आणि फलाटावरील प्रवासी घड्याळ पाहून ड्रायव्हरचे कौतुक करी.

फेरीहिल शेडचे नाव विशेष झाले ते अगदी शेवटच्या काळात, आणि त्याची कथा मोठी गमतीची आहे. १९६० च्या सुमारास ब्रिटिश रेल्वेने वाफेस रजा द्यावयाचे ठरविले होते. ॲबर्डीन-ग्लासगो मार्गावर ग्लासगोच्याच नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीने बांधलेली डिझेल इंजिने आली; परंतु ती वारंवार बंद पडू लागली. शेवटी १९६२ च्या जूनपासून, इंग्लंडातील व एडिंबरोकडील धावपळीतून मोकळी झालेली सर नायजेल ग्रेस्ली यांची ‘ए-४’ जातीची वाफेची इंजिने या मार्गावर आणण्यात आली. १५३ मैलांचा हा मार्ग, मध्ये थांबे घेत, तीन तासांत कापावयाचा असे. याच जातीच्या ‘मॅलर्ड’ या इंजिनाने ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैलांचा वेग गाठला होता, आणि वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम अद्यापि मोडलेला नाही. सहा फूट आठ इंचांची चाके, पाचर घातल्यासारखे उतरते तोंड: इंजिन दिसावयास देखणे, यात वाद नाही. पण देखणेपणाची किंमत शेडला मोजावी लागे. या इंजिनाचे तिसरे सिलिंडर दोन चाकांच्या मध्ये, आत दडलेले. तेथील सांध्याचे बेअरिंग तापले तर बाहेरून दिसावयाचे नाही. म्हणून त्यात उग्र वासाची एक कुपी बसविलेली असे. बेअरिंग तापले की कुपी फुटे आणि बडीशेपेसारखा वास ड्रायव्हरच्या नाकाशी येई. विक्रमाच्या दिवशी ‘मॅलर्ड’चे नेमके हेच बेअरिंग तापले आणि पीटरबरो स्टेशनावर त्यास गाडीवरून काढावे लागले. ड्रायव्हर डडिंग्टन आणि फायरमन ब्रे यांची नावे इतिहासात राहिली. ते बेअरिंग पुन्हा नीट करून बसविणाऱ्या फिटरचे नाव कोणी विचारीत नाही.

फेरीहिलला आलेल्या या इंजिनांत एकाचे नाव होते ‘एम्पायर ऑफ इंडिया’. १९३७ साली साम्राज्यातील देशांची नावे पाच इंजिनांस देण्यात आली, त्यांतील हे एक. १९४७ साली साम्राज्य गेले, १९५० साली आम्ही प्रजासत्ताक झालो. पण त्या इंजिनाच्या कुशीवरची पाटी काही उतरली नाही. स्कॉटलंडच्या धुक्यातून ते आणखी चौदा वर्षे, आता अस्तित्वातच नसलेल्या एका साम्राज्याचे नाव मिरवीत धावत राहिले आणि १९६४ च्या मे महिन्यात सेवेतून निघून भंगारात गेले. आमच्या मनात त्या नावाविषयी काडीइतकाही जिव्हाळा नाही. मात्र ती पाटी रोज पुसणाऱ्या ॲबर्डीनच्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोराविषयी आम्हांस कुतूहल आहे. त्याने हिंदुस्थानाविषयी काय ऐकले असेल? त्यास बहुधा एवढेच ठाऊक असेल की या नावात अक्षरे फार आणि पितळ पुसावयास वेळ फार!

हा पुसणारा पोरगा हाच आमच्या लेखाचा खरा नायक आहे. शाळा सोडलेला मुलगा शेडमध्ये ‘क्लीनर’ म्हणून लागे. हातात चिंध्यांचा बोळा आणि तेल. काम इंजिन पुसण्याचे. पुसता पुसता प्रत्येक दांडा, प्रत्येक खीळ, प्रत्येक नळी त्याच्या हाताखालून जाई. काही काळाने परीक्षा देऊन तो फायरमनचे काम करण्यास पात्र ठरे. मग प्रथम शेडच्या आवारातील शंटिंगवर, मग मालगाडीवर, मग उतारू गाडीवर. ॲबर्डीनहून ग्लासगोस जाताना फायरमनला तीन टनांच्या आसपास कोळसा फावड्याने भट्टीत टाकावा लागे. आणि तो नुसता टाकून भागत नसे, भट्टीच्या कोणत्या कोपऱ्यात केव्हा टाकावयाचा, हे पुढचा चढ किती दूर आहे ते पाहून ठरवावे लागे. ड्रायव्हर होईपर्यंत वीस वर्षे सहज जात. इतके करूनही पुढे कधी दृष्टीच्या तपासणीत रंग ओळखता आले नाहीत, तर मोठ्या मार्गावरून खाली उतरावे लागे, आणि कालचा एक्सप्रेसचा ड्रायव्हर आज शेडच्या आवारात हलके काम करताना दिसे.

या माणसांना शिकविले कोणी? येथे आमच्यासारख्या शिक्षकांनी थोडे नम्र व्हावे. ब्रिटनमधील जवळजवळ प्रत्येक मोठ्या शेडमध्ये ‘परस्पर-सुधारणा वर्ग’ चालत. हे वर्ग कामगारांनी स्वतः काढलेले होते. बहुधा रविवारी, विश्रांतीच्या खोलीत किंवा एखाद्या जुन्या मोडक्या डब्यात ते भरत. शिकविणारा अनुभवी ड्रायव्हर. वेतन काही नाही. शिकणारे क्लीनर आणि फायरमन. सक्ती काही नाही. सिलिंडरमध्ये वाफ सोडणाऱ्या झडपेची हालचाल समजावी म्हणून लाकडाचे नमुने केलेले असत, आणि ते करणारेही तेच. वाटेत डाव्या बाजूचा दांडा तुटला तर गाडी घरी कशी आणावयाची. धुक्यात सिग्नल दिसला नाही तर किती वेळ थांबावयाचे आणि मग कोणी चालत जाऊन केबिनला कळवावयाचे. असे प्रश्न तेथे घोटून घेतले जात. बारा-बारा तास कोळशात राबलेली माणसे आपल्या सुट्टीच्या दिवशी भूमिती आणि पदार्थविज्ञान शिकावयास येत होती, आणि त्यास ती शिक्षण म्हणतही नसतील! आम्ही मात्र घंटा, हजेरी आणि गुणपत्रक यांशिवाय विद्या होऊच शकत नाही, अशा समजुतीत वाढलो.

आता कोणी म्हणेल, तुम्ही या काजळीचे स्तोत्र गात आहात. शेडमधील हवा विषारी, ध्वनी कर्कश, अपघात नित्याचे; त्या कामगारांपैकीच किती तरी जणांनी डिझेलच्या स्वच्छ, बसावयाच्या जागेचे स्वागत केले. हा आक्षेप आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. राखेचा खड्डा बुजला, याचे आम्हांस दुःख नाही. तो बुजावयासच हवा होता. आज प्रवासी डब्यातून धुरास कवटाळणारे जे हौशी लोक ‘काय ते दिवस!’ म्हणून उसासे टाकतात, त्यांनी एक रात्र त्या खड्ड्यात काढावी म्हणजे उसासा आपोआप थांबेल. आमचे म्हणणे वेगळेच आहे. जुन्याची आठवण ठेवावयाचीच असेल, तर ती कोणत्या अर्ध्याची ठेवावयाची, हा प्रश्न आहे. ‘ए-४’ जातीची पस्तीस इंजिने बांधली गेली. त्यांतील सहा आज जपलेली आहेत. इंजिनांच्या नावाच्या पितळी पाट्या लिलावात मोठ्या किमतीस जातात. पण शेडे? ग्लासगोचे ईस्टफील्ड पाडले गेले. हेमार्केट आणि पोलमडी येथे वाफेचे चिन्ह उरले नाही. तेथे डिझेल आणि विजेच्या गाड्या सांभाळल्या जातात. शोभेची वस्तू राहिली, राबण्याची जागा गेली. फेरीहिलचे नशीब त्यातल्या त्यात बरे. १९६६ च्या सप्टेंबरात ‘ए-४’ इंजिनांच्या तीन तासांच्या गाड्या संपल्या, १९६७ साली शेडमधून वाफ गेली, पुढे डिझेलही गेले. परंतु अलीकडे काही स्वयंसेवकांनी न्यास स्थापून ती जागा आणि ती इंजिन फिरविण्याची चकती पुन्हा उभी करावयास घेतली आहे. हे काम आम्हांस दहा चकचकीत इंजिनांहून मोलाचे वाटते.

स्कॉटलंडच्या या गोष्टीत बडोदेकरांनी मन का घालावे, असेही कोणी विचारील. त्यास उत्तर आमच्या दाराशीच आहे. १८६२ साली खंडेराव महाराज गायकवाडांनी डभोई ते मियागाम ही अडीच फूट रुंदीची रेल्वे सुरू केली. भारतातील अरुंद रेल्वेची ती सुरुवात मानली जाते. तिच्यावरील डबे बैल ओढीत. दुसऱ्या वर्षी ग्लासगोच्या नीलसन कंपनीकडून इंजिने आली. हीच नीलसन कंपनी १९०३ साली आणखी दोन कारखान्यांशी मिळून वर सांगितलेली नॉर्थ ब्रिटिश कंपनी झाली; तिचीच डब्ल्यूजी जातीची इंजिने स्वातंत्र्यानंतर आमच्या मालगाड्या ओढीत होती. पण डभोईस इंजिने आली आणि काय झाले? रूळ फार हलके निघाले. इंजिनाचा भार त्यांना पेलेना. म्हणून पुन्हा बैल जुंपले, आणि भक्कम रूळ पडेपर्यंत पुढची दहा वर्षे गेली. इंजिन विकत आणता येते. ते पेलणारा रूळ, ते धुणारे हात आणि ते ओळखणारे डोळे येथेच घडवावे लागतात. दहा वर्षे बैलांनी जे ओढले, ते या उणिवेचे ओझे होते.

आणि ही उणीव आम्ही पुरती भरून काढली आहे काय? एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी प्रवेशाचे अर्ज तपासताना एका मुलाच्या अर्जावर वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात ‘फिटर’ हा शब्द लिहून खोडलेला आणि त्यावर ‘रेल्वेत नोकरी’ असे लिहिलेले आम्ही पाहिले. अक्षर मुलाचेच होते. खोडण्यास त्यास कोणी सांगितले, ते आम्ही विचारले नाही. विचारावयास हवे होते. आणि खरे सांगावयाचे तर वर्गात ‘अभ्यास केला नाहीस तर हातात पाना येईल’ असे आम्हीच एकदा नव्हे, अनेकदा म्हटले आहे. तो पाना हातात धरणाऱ्याचा मुलगा समोरच्या बाकावर बसलेला असतो, याचे भान आम्हांस नव्हते. ज्या शहरात प्रतापनगरचा रेल्वे कारखाना आहे, जेथे रेल्वेचे विद्यापीठ उभे राहिले, तेथे ‘फिटर’ हा शब्द लपवावासा वाटावा, ही लाज त्या मुलाची नाही.

म्हणून या अंकाच्या निमित्ताने आम्ही एक मागणी करीत आहो. आपल्या शाळेतील कित्येक घरांत रेल्वेतून निवृत्त झालेले आजोबा आहेत. कोणी फायरमन होते, कोणी फिटर, कोणी बॉयलरवाले. विद्यार्थ्यांनी दिवाळीच्या सुट्टीत वही घेऊन त्यांच्यापुढे बसावे. ‘तुमच्या काळी कसे होते?’ असा मोघम प्रश्न विचारू नये. त्याचे उत्तरही मोघमच मिळते. बॉयलर धुवावयास किती वेळ लागे, राख कोठे टाकीत, रात्रीचा डबा कशावर गरम करीत, पहिली परीक्षा कोणी घेतली आणि तिच्यात काय विचारले, असे विचारावे. ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावे. त्यांच्या तोंडचे इंग्रजी-गुजराती-मराठी मिसळलेले शब्द सुधारू नयेत. पुढील वर्षीच्या अंकात यासाठी आठ पाने राखून ठेवण्याचे संपादक मंडळाने मान्य केले आहे. वह्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आमच्याकडे द्याव्यात. ज्याने तो शब्द खोडला होता तो मुलगा आता शाळेत नाही, परंतु त्याची धाकटी बहीण आठवीत आहे. तिला आम्ही स्वतः विचारणार आहो.